जमिनीत तार सोडून तेल आणि पाणी ओळखणारा प्रोफेसर : कॉनरॅड श्लंबर्जे

गावात बोअर मारायची असली की दोन प्रकारची माणसं येतात. एक पाणाड्या. हातात कडुलिंबाची फांदी किंवा नारळ घेऊन तो शेतात फिरतो. दुसरा येतो तो सर्व्हेवाला. त्याच्याकडे एक पेटी असते, बॅटरी असते, तारांची भेंडोळी असतात आणि लोखंडाच्या चार सळया असतात. तो या चार सळया एका रेषेत ठोकतो, बाहेरच्या दोन सळयांमधून जमिनीत वीज सोडतो आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती व्होल्टेज येतंय ते मोजतो. मग बाहेरच्या सळया आणखी लांब नेतो आणि पुन्हा मोजतो. सळया जितक्या लांब, तितकी वीज खोल जाते. आकडे कागदावर मांडले की मुरूम कुठवर आहे, कठीण कातळ कुठे लागेल आणि पाणी असलेला भेगाळ खडक कुठे असू शकेल, याचा अंदाज बांधता येतो.

भूजलवाल्यांच्या भाषेत सळया ठोकण्याच्या या रचनेला एक नाव आहे, श्लंबर्जे पद्धत. आज जगभर तेलविहिरींची मोजमापं करणाऱ्या एका अवाढव्य कंपनीचा जन्मही याच नावाने झाला. पण हे नाव मुळात एका प्रोफेसरचं आहे. पॅरिसच्या एका कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा आणि तळघरात वाळूने भरलेल्या टबात विजेच्या तारा खुपसून बसायचा. त्याचं नाव कॉनरॅड श्लंबर्जे.

जमिनीखाली हजारो फूट खोल पंपाने सोडलेलं पाणी नेमकं कुठे गेलं आणि त्याने किती तेल पुढे ढकललं, हे आज इंजिनिअर वर बसून सांगू शकतात. या विद्येच्या मुळाशी जायचं तर या प्रोफेसरपाशीच यावं लागतं.

सीमेवरचं घर

कॉनरॅड यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ रोजी अल्सास प्रांतातल्या गेबविलेर या गावी झाला. अल्सास म्हणजे फ्रान्स आणि जर्मनीच्या मधला टापू. १८७१ च्या युद्धात फ्रान्स हरला आणि हा भाग जर्मनीकडे गेला. त्यामुळे कॉनरॅड जन्मले ते जर्मन साम्राज्यात, पण घर मात्र मनाने फ्रेंच. अशा अनेक घरांनी आपली मुलं शिकायला फ्रान्सला पाठवली. श्लंबर्जे कुटुंबाची मुलंही तशीच पॅरिसला आली.

घराणं प्रोटेस्टंट होतं आणि व्यवसाय कापडगिरण्यांचा. वडील पॉल हे उद्योजक होते, पण विज्ञानाचं वेड असणारे. आई मार्गरित या फ्रान्सचे माजी पंतप्रधान आणि इतिहासकार फ्रान्स्वा गिझो यांची नात. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या नेत्या झाल्या. भावंडांमध्ये जाँ लेखक झाला, मॉरिस बँकिंगमध्ये गेला, तर कॉनरॅडपेक्षा जवळपास सहा वर्षांनी लहान असलेला मार्सेल इंजिनिअर झाला. या मार्सेलचं नाव पुढे कॉनरॅड यांच्या नावाला कायमचं जोडलं गेलं.

कॉनरॅड यांनी एकोल पॉलिटेक्निक या नावाजलेल्या संस्थेत शिक्षण घेतलं, मग खाणकामाचं शिक्षण घेतलं आणि १९०७ मध्ये पॅरिसच्या खाण महाविद्यालयात, म्हणजे एकोल दे मीनमध्ये, ते फिजिक्सचे प्रोफेसर झाले. आयुष्य मार्गी लागलं होतं. पण खाणकाम शिकवणाऱ्या संस्थेत एक प्रश्न रोज समोर असायचा. जमिनीखाली काय आहे हे कळायला खोदावंच लागतं, आणि खोदणं महाग असतं. लोखंडाचा धातुक असेल तर चुंबकाची सुई थोडीफार दिशा दाखवते. पण तांब्याचं काय? कोळशाचं काय? तिथे सुई गप्प बसते.

टबातली वाळू

कॉनरॅड यांची कल्पना साधी होती. प्रत्येक खडक वीज सारख्याच सहजतेने वाहू देत नाही. तांब्याचा किंवा लोखंडाचा सल्फाइड धातुक वीज झटकन वाहू देतो, कोरडा कातळ जवळजवळ अडवतो, खारं पाणी भरलेली वाळू पुन्हा वाहू देते. मग जमिनीत वीज सोडली आणि ती पृष्ठभागावर कशी पसरते हे मोजलं, तर खाली काय दडलंय याचा माग लागायला हवा.

१९११ च्या सुमारास त्यांनी कॉलेजच्या तळघरात तांब्याचा एक टब वाळूने भरला आणि त्यात प्रयोग सुरू केले. वीज सोडायची, वाळूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी व्होल्टेज मोजायचं आणि समान व्होल्टेजचे बिंदू जोडून रेषा काढायच्या. डोंगराच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात, तसाच हा प्रकार. खाली सगळं एकसारखं असेल तर रेषा सुबक आणि नियमित येतात. खाली वेगळं काही असेल तर रेषा त्या जागी वाकतात.

टबात जमलं म्हणून जमिनीत जमेलच असं नाही. म्हणून सप्टेंबर १९१२ मध्ये कॉनरॅड यांनी हा प्रयोग नॉर्मंडीतल्या व्हाल-रिशे इथे केला. ही आईकडची वडिलोपार्जित इस्टेट, म्हणजे पणजोबा गिझो यांचं घर. तिथल्या मोकळ्या जमिनीवर त्यांनी समान व्होल्टेजच्या रेषांचा नकाशा काढला. साधनं अगदी साधी होती, पण जमिनीने उत्तर दिलं होतं. त्याच वर्षी त्यांनी पद्धतीचं पेटंटही घेतलं.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, सर्बियातल्या बोर इथल्या तांब्याच्या खाणीजवळ या पद्धतीने एक धातुकाचा साठा शोधून काढला. तो चुंबकीय नव्हता. विजेने सापडलेला असा साठा ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

आणि मग १९१४ उजाडलं.

युद्ध आणि वडिलांचं पत्र

पहिल्या महायुद्धात कॉनरॅड तोफखान्यात अधिकारी होते. संशोधन थांबलं. चार वर्षं जे पाहिलं त्याने ते युद्धाचे कट्टर विरोधक बनले आणि मनाने समाजवादी विचारांकडे झुकले.

युद्ध संपलं तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. संसार होता, मुली होत्या, नोकरी होती. हाताशी एक अर्धवट पद्धत होती आणि ती विकत घ्यायला कोणी तयार होईल याची खात्री नव्हती. अशा वेळी वडील पॉल पुढे आले.

१२ नोव्हेंबर १९१९ रोजी पॉल यांनी दोन्ही मुलांशी लेखी करार केला. संशोधनासाठी ते पाच लाख फ्रँकपर्यंत रक्कम देणार होते. मोबदल्यात त्यांनी घातलेली अट व्यापाऱ्याला शोभणारी नव्हती. या कामात विज्ञानाचं हित पैशाच्या हिताच्या वर राहिलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. कॉनरॅड यांच्यात त्यांना शास्त्रज्ञ दिसत होता आणि मार्सेलमध्ये इंजिनिअर. एकाने निसर्गाला प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने ते विचारण्याची यंत्रं बनवायची, अशी ही जोडी होती.

१९२० मध्ये कॉनरॅड यांनी विजेने भूगर्भ शोधण्याच्या पद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी मांडलेल्या पद्धतींमध्ये एक खास होती. विजेचं एक टोक थेट धातुकाच्या साठ्यालाच जोडायचं, म्हणजे संपूर्ण साठा विजेने भारला जातो. मग वर जमिनीवर व्होल्टेजच्या रेषा काढल्या की खालच्या साठ्याचा आकार आणि पसारा वरच्या नकाशात उमटतो. ही कल्पना लक्षात ठेवायला हवी, कारण ती पुढे पाण्याच्या मागावर निघणार आहे.

तेलाच्या दारात

१९२३ मध्ये रोमानियात आरिचेश्त इथे त्यांच्या माणसांनी विजेच्या मोजमापावरून जमिनीखालचा मिठाचा घुमट नकाशावर आणला. मिठाच्या घुमटांच्या कडेला तेल साठतं. तेल कंपन्यांचं लक्ष वेधलं जाऊ लागलं. १९२६ मध्ये भावांनी रीतसर कंपनी काढली. त्याच वर्षी वडील पॉल वारले. ज्या शोधाने हे घराणं जगभर पोचलं, तो शोध पाहायला ते राहिले नाहीत.

कंपनी निघाली खरी, पण एक मोठी अडचण होती. जमिनीवरून केलेलं मोजमाप जितकं खोल न्यावं तितकं धूसर होत जातं. सळया खूप लांब ठेवल्या की वीज खोल जाते, पण वाटेतल्या सगळ्या थरांचा परिणाम एकाच आकड्यात मिसळतो. दहा माणसांचा आवाज एकत्र ऐकून कोण काय बोललं हे ओळखण्यासारखं ते होतं. शंभर-दोनशे मीटरपर्यंत ठीक. तेलाचे पातळ थर मात्र त्याहून खूप खाली असतात.

याचवेळी पेशेलब्रॉनहून विचारणा झाली.

पेशेलब्रॉन हे अल्सासमधलंच ठिकाण, कॉनरॅड यांच्याच प्रांतातलं. युद्धानंतर अल्सास पुन्हा फ्रान्समध्ये आला होता. इथे अठराव्या शतकापासून तेलाळ वाळू खणून काढली जायची. पुढे विहिरी खोदल्या गेल्या. पण विहिरी आटल्या तरी बरंचसं तेल वाळूतच अडकून राहायचं. शेवटी लोकांनी कोळशाच्या खाणीसारखे बोगदे खणून वाळूतून निथळणारं तेल गोळा करायला सुरुवात केली होती. तेल आहे हे माहीत आहे, तरी ते हाती लागत नाही, हा प्रश्न इथे अगदी डोळ्यांसमोर होता. आजही जगातल्या बहुतेक तेलक्षेत्रांतलं निम्म्याहून जास्त तेल खडकातच राहतं, हे लक्षात घेतलं तर पेशेलब्रॉनचं दुखणं किती जुनं आहे ते कळतं.

विहीर खोदताना कोणत्या खोलीवर कोणता थर लागला, हे कळायला तेव्हा एकच खात्रीचा मार्ग होता. पोकळ कटरने खडकाचा दांडा कापून वर काढायचा आणि पाहायचा. हे काम वेळखाऊ आणि महाग. खडक भुसभुशीत असेल तर दांडा हातीच लागत नसे.

कॉनरॅड यांनी विचार उलटा फिरवला. जमिनीवरून खाली डोकावताना आवाज मिसळतात ना? मग मोजायच्या सळयाच विहिरीत सोडल्या तर? प्रत्येक थराच्या अगदी समोर जाऊन त्यालाच विचारायचं.

५ सप्टेंबर १९२७

हे काम त्यांनी आपले जावई आंरी डॉल यांच्यावर सोपवलं. डॉल तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. बॅकेलाइटच्या नळ्या जोडून त्यांनी एक लांब दांडा बनवला आणि त्यावर तीन इलेक्ट्रोड बसवले. एकातून वीज खडकात सोडायची, उरलेल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. खाली वजनाला शिसं. वर रबराच्या आवरणाच्या तारा आणि त्या गुंडाळायला हाताने फिरवायचा रहाट.

५ सप्टेंबर १९२७ रोजी पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रातल्या एका विहिरीत हा दांडा उतरवला गेला. पद्धत अशी होती. रहाट फिरवून दांडा एक मीटर वर घ्यायचा. थांबायचं. वीज सोडायची. काटा स्थिर झाला की आकडा वहीत लिहायचा. पुन्हा रहाट, पुन्हा एक मीटर. तासन् तास हेच चाललं. मग आकडे आलेखाच्या कागदावर मांडून बिंदू जोडले.

कागदावर एक वाकडीतिकडी रेघ उमटली. कठीण थर आला तिथे रेघ एकदम बाहेर गेली, चिकणमातीत आत आली. विहिरीतला खडक वर न आणता त्याचा जणू पट्टीवर आलेख निघाला होता. जगातला हा पहिला विद्युत लॉग. तेलाच्या धंद्यात आज लॉग म्हणतात तो हाच, म्हणजे खोलीनुसार घेतलेल्या नोंदींची पट्टी.

शेजारच्या विहिरींतही हे करून पाहिलं तेव्हा खरी गंमत कळली. एका विहिरीतल्या रेघेचे चढउतार दुसऱ्या विहिरीतल्या रेघेशी जुळत होते, फक्त थोडे वर किंवा खाली सरकलेले. म्हणजे तोच थर इथे या खोलीवर आहे आणि तिथे त्या खोलीवर. विहिरी जोडल्या की थर कसा उतरत गेलाय हे दिसू लागलं.

तेल की खारं पाणी?

आता या रेघेत तेल कसं दिसतं? तेलाचा साठा म्हणजे जमिनीखालचं तळं नव्हे. वाळूच्या दगडात कणांच्या मधे बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत तेल किंवा पाणी भरलेलं असतं. वाळूचा कण वीज वाहू देत नाही. तेल आणि गॅसही वाहू देत नाहीत. खोलवरचं पाणी मात्र बहुतेक वेळा खारं असतं आणि त्यातून वीज सहज जाते. म्हणून एकाच वाळूच्या थरात पोकळ्या खाऱ्या पाण्याने भरल्या असतील तर विजेला होणारा विरोध कमी दिसतो, आणि त्याच पोकळ्यांत तेल असेल तर विरोध कित्येक पट वाढतो.

पण कातळातही विरोध जास्त असतो. मग ही तेलाची वाळू की नुसता घट्ट चुनखडक, हे कसं ओळखायचं?

याचं उत्तर जवळपास अपघाताने मिळालं. १९३१ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की वीज सोडली नसतानाही विहिरीतल्या इलेक्ट्रोडवर थोडं व्होल्टेज दिसतं, आणि ते थरागणिक बदलतं. जमीन आपणहून वीज निर्माण करत होती. यामागे दोन कारणं होती. विहिरीतला चिखल आणि खडकातलं पाणी यांचा खारेपणा वेगळा असतो, त्यातून व्होल्टेज तयार होतं. दुसरं म्हणजे सच्छिद्र खडकातून पाणी झिरपतं, तेव्हा त्या वाहण्यानेच बारीकसं व्होल्टेज निर्माण होतं. ज्या थरातून द्रव आत-बाहेर जाऊ शकतो तो थर या दुसऱ्या रेघेवर ठळक दिसायचा, आणि चिकणमातीचा थर सपाट. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या की वाचता येत होतं. हा थर झिरपणारा आहे आणि विजेला विरोधही करतो, म्हणजे इथे तेल असण्याची शक्यता मोठी.

जगभर, आणि परतीच्या वाटेवर

१९२९ मध्ये हे काम व्हेनेझुएलात आणि सोव्हिएत रशियात पोचलं. पुढे अमेरिकेतही पाय रोवले गेले आणि १९३४ मध्ये ह्यूस्टनला स्वतंत्र कंपनी उभी राहिली. भावांनी यंत्रं विकण्याऐवजी आपली माणसं यंत्रांसह विहिरीवर पाठवायची, अशी पद्धत ठेवली. तरुण फ्रेंच इंजिनिअर तारांची भेंडोळी घेऊन ग्रोझनी, बाकू, टेक्सास असे फिरू लागले.

वडिलांच्या अटीचं काय झालं, हा प्रश्न इथे येतोच. तेल हा जगातला सगळ्यात व्यवहारी धंदा. त्यात शिरल्यावर विज्ञान वर आणि पैसा खाली, हे कसं पाळायचं? कंपनीने मिळकतीतून संशोधन चालू ठेवलं, एवढं तर दिसतं. युद्धाने हादरलेल्या कॉनरॅड यांच्यासाठी सोव्हिएत देशातलं काम निव्वळ गिऱ्हाइकाचं काम नव्हतं. तिथे नवा समाज घडतोय अशी आशा त्या काळात युरोपातल्या अनेकांना होती आणि तेही त्यांतलेच होते.

मे १९३६ मध्ये सोव्हिएत रशियाहून परतताना स्टॉकहोमला त्यांचं निधन झालं. वय ५७. पहिल्या लॉगला जेमतेम नऊ वर्षं होत आली होती. कंपनीचा भार मार्सेल यांनी १९५३ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत वाहिला.

कॉनरॅड यांच्यानंतर सहा वर्षांनी, १९४२ मध्ये, अमेरिकेत गस आर्ची या इंजिनिअरने खडकाची सच्छिद्रता, त्यातल्या पाण्याचा खारेपणा आणि मोजलेला विरोध यांचं गणिती नातं मांडलं. आता रेघ पाहून तेल आहे एवढंच नव्हे, तर पोकळ्यांत किती टक्के पाणी आणि किती टक्के तेल हेही काढता येऊ लागलं. पेशेलब्रॉनच्या रेघेला आकड्यांची भाषा मिळाली.

सोडलेलं पाणी गेलं कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तेलक्षेत्र नवं असतं तेव्हा आतल्या दाबाने तेल आपणहून वर येतं. तेल काढत गेलं की दाब उतरतो आणि बहुतांश तेल खडकातच अडकून राहतं. अशा वेळी काही विहिरींतून पाणी आत सोडतात. ते दाब टिकवतं आणि तेलाला उत्पादन विहिरींकडे ढकलतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये हे आधी अपघाताने घडलं. नादुरुस्त विहिरींतून वरच्या थराचं पाणी तेलाच्या थरात उतरलं आणि शेजारच्या विहिरींचं उत्पादन वाढलं. जॉन कार्ल या भूवैज्ञानिकाने १८८० मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं. १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाने याला कायद्याने परवानगी दिली.

पण पाणी आज्ञाधारक नसतं. शेताला पाणी देताना एखाद्या सरीला उंदराचं बीळ असलं की सगळं पाणी तिकडेच जातं आणि बाकीचं शेत कोरडं राहतं. खडकातही तसंच होतं. दहा थरांपैकी एखादा जास्त मोकळा असतो. सोडलेलं पाणी त्यातूनच धावतं, तेल तसंच बाजूला ठेवून थेट उत्पादन विहिरीत पोचतं. मग विहिरीतून तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागतं. ते उपसायचा, वेगळं करायचा, पुन्हा खाली सोडायचा खर्च वेगळाच. म्हणून नुसतं पाणी सोडून भागत नाही. ते कुठल्या थरात किती गेलं, यावर सतत नजर ठेवावी लागते.

इथे कॉनरॅड यांची रेघ पुन्हा कामाला येते. फरक इतकाच की आता एकदा मोजून थांबायचं नाही. काही महिन्यांनी, काही वर्षांनी पुन्हा मोजायचं आणि दोन रेघांमधला फरक वाचायचा. जिथे आधी विरोध जास्त होता आणि आता घसरलाय, तिथे खारं पाणी पोचलंय आणि तेल पुढे सरकलंय. जिथे काहीच बदललं नाही, तिथलं तेल अजून वाट पाहतंय.

यात खाचखळगेही आहेत. सोडलेलं पाणी गोडं असेल तर तेही विजेला बऱ्यापैकी विरोध करतं. तिथे जास्त विरोध म्हणजे तेल असं सरळ समीकरण मांडलं तर फसगत होते. शिवाय चालू विहिरीत लोखंडी केसिंग बसवलेलं असतं. वीज लोखंडातूनच पळते आणि खडकापर्यंत पोचत नाही. म्हणून १९६० च्या दशकापासून केसिंगच्या आतून न्यूट्रॉन सोडणारी उपकरणं वापरली जाऊ लागली. खाऱ्या पाण्यातलं क्लोरीन न्यूट्रॉन पटकन शोषतं, त्यावरून पाणी आलं की नाही ते कळतं. केसिंगच्या पलीकडचा विरोध मोजणारी उपकरणंही पुढे बनली. पाण्यात ओळखीचं रसायन मिसळून ते कोणत्या विहिरीत कधी उगवतं हेही पाहतात.

धातुकालाच वीज जोडायची कॉनरॅड यांची जुनी युक्ती इथेही कामाला आली. विहिरीत खारं पाणी सोडायचं, त्या पाण्यालाच विजेने भारायचं आणि वर जमिनीवर रेषा कशा लांबत जातात ते पाहायचं. पाणी ज्या दिशेने सरकतं, त्या दिशेला नकाशा ताणला जातो. भूजलाच्या प्रवाहाची दिशा या पद्धतीने काढता येते.

तेल ढकलायला काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइडही वापरतात आणि काही ठिकाणी तो नुसता जमिनीत गाडून ठेवतात. तो वीज वाहू देत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्याला हटवून तो जिथे जातो तिथे विरोध वाढतो. जर्मनीत केट्झिन इथे २००८ ते २०१३ या काळात असा वायू जमिनीखाली सोडला गेला, तेव्हा विहिरींत कायमचे बसवलेले इलेक्ट्रोड त्याचा पसारा मोजत होते. तळघरातल्या वाळूच्या टबाचीच ही पुढची आवृत्ती.

मुंबईच्या समुद्रात

हे सगळं महाराष्ट्रापासून फार लांबचं नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ते सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९८० च्या दशकात तिथे पाणी सोडायला सुरुवात झाली. समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून ते तळाखालच्या चुनखडकात ढकललं जातं. चुनखडकाचा प्रत्येक थर सारखा नसतो. त्यामुळे कोणत्या थरात पाणी घुसलं आणि कोणत्या थरात तेल मागे राहिलं, हा पेशेलब्रॉनचा जुना प्रश्न अरबी समुद्राखालीही तसाच आहे. जुन्या क्षेत्रात नवी विहीर कुठे घ्यायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

कॉनरॅड यांनी मुंबई हाय पाहिलं नाही. पाणी सोडून तेल काढण्याचं आजचं स्वरूपही त्यांच्या हयातीत नव्हतं. त्यांनी दिली ती एक सवय. जमिनीखाली काय आहे याचा तर्क लढवत बसायचं नाही, तिला प्रश्न विचारायचा, उत्तर मीटरामीटराने लिहून ठेवायचं आणि कालच्या उत्तराशी आजचं उत्तर ताडून पाहायचं. पुढच्या वेळी शेताच्या बांधावर कोणी चार सळया ठोकताना दिसलं, तर वाळूने भरलेला तो तांब्याचा टब आठवायला हरकत नाही.